चित्र चिकटवलंय

कराड,
रविवार, दुपार

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सअपवर दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे सामसूम. म्हणून कागद घेतला. एसटीत चढताना तू ‘येते’ म्हणाली नाहीस. बाबा म्हणतात, गडबडीत राहिलं असेल. राहिलं नव्हतं, मला माहीत आहे.

चूक माझी, हे आधी लिहून टाकते. कपाट आवरायला काढलं होतं, आत्या बसलेल्या, आणि दाराच्या आतल्या बाजूला तुझ्या त्या कॅप्टन लिवायचं चित्र. ‘हा बघा आमचा जावई, कार्टूनमधला’, असं मी म्हणाले. आत्या हसल्या म्हणून पुन्हा म्हणाले. मग काढताना कोपरा फाटला. फाडायचं नव्हतं गं मला.

तू गेल्यावर चार रात्री बसून त्याच्या त्या जपानी कार्टून मालिकेचे, ‘ॲटॅक ऑन टायटन’चे, सोळा भाग बघितले. ते राक्षस माणसं खायला लागले तसे बाबा उठून गेले, मी बसले. लिवायची उंची म्हणे १६० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या बाबांच्या खांद्याला लागेल. डोक्याला फडकं, तोंडाला फडकं, आणि धूळ दिसली की बाकीच्यांना पुन्हा झाडायला लावणार. याच्यावर जीव कोणाचा, तर जिनं आजवर स्वतःच्या अंथरुणाची घडी घातली नाही तिचा! मी एकटीच हसले. रागावू नकोस, या वेळी हसायला कोणी समोर नव्हतं.

आणि हसणारी मी कोण? मी नऊ वर्षांची असताना माझा फास्टर फेणे होता. भा. रा. भागवतांचा, फुरसुंगीचा बनेश फेणे, नुसता हाडाचा सापळा आणि बुडाखाली सायकल. त्याच्यासारखं ‘ट्टॉक’ करायला मी जेवताना शिकत होते, तर आजीनं उलथन्यानं हाणलं. मिरजेहून पुण्याला रेल्वेनं जाताना फुरसुंगी स्टेशन लागतं. एक्सप्रेस थांबत नाही. मी आळंदीपासूनच खिडकीच्या गजांना गाल लावून बसायची. नाना विचारायचे, काय बघतेस? मी म्हणायची, काही नाही. आता लिहितानाही लाज वाटते बघ, सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला.

पण फास्टर फेणे निरुपद्रवी. खरी गोष्ट कर्णाची. चौदाव्या वर्षी शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ हातात पडलं. पुस्तक १९६७चं, आमच्याकडची प्रत शेजारच्या काकूंची, अजून परत केलेली नाही. त्यात कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, शोण, श्रीकृष्ण, सगळे आपापलं सांगतात, आणि त्याची बायको वृषालीही. मी वृषाली होऊनच वाचायची. टीव्हीवरचं ‘महाभारत’ त्याआधी बघून झालेलं, त्यामुळे चेहरा पंकज धीर यांचा. गेल्या ऑक्टोबरात ते गेले तेव्हा भाजी चिरताना माझे हात थांबले होते, आणि तू विचारलंस, ‘कोण होते हे?’ तेव्हा सांगायला हवं होतं.

द्यूतसभेची पानं मी पटापट उलटायची. महाभारतात द्रौपदीची वस्त्रं काढा म्हणणारा कर्णच आहे. पण मला तो कर्ण नको होता, मला जगानं नाकारलेला हवा होता. पुढे इरावती कर्वेबाईंचं ‘युगान्त’ वाचलं, त्या काही त्याला सोडत नाहीत. तेव्हा फार राग आला होता बाईंचा.

मला एवढंच म्हणायचंय की गप्प असणारा माणूस प्रत्येक वेळी आत खोल असतोच असं नाही. कधी त्याला नुसतं बोलायचं नसतं. आणि ज्याच्यावर अन्याय झालाय तो दुसऱ्यावर करणार नाही, असंही नसतं. वसतिगृहात, वर्गात असं कोणी... नाही, विचारणार नव्हते. विचारत नाही.

भाषण झालं. माफ कर. तू असतीस तर ‘आई, तो ॲनिमे आहे’ म्हणून कानात बोंडं घातली असतीस.

कॉलेजात मला एक कर्ण भेटला होता. वर्गातला. त्याच्यावर सरांचा राग, घरच्यांचा राग, नशिबाचा राग. बोलायचा कमी, मला वाटायचं केवढं सोसतोय! दोन वर्षं मी त्याची जर्नल्स लिहिली, एकदा परीक्षेची फीसुद्धा भरली, माझ्या बांगडीच्या पैशातून. शेवटच्या वर्षी माझे वडील आजारी होते तेव्हा त्यानं साधं विचारलंही नाही, कसे आहेत म्हणून. बाबांना यातलं अर्धं माहीत आहे. बांगडीचं नाही.

आणि बाबा! त्यांच्यावर कोणी चार ओळी लिहायचं नाही. पण दवाखान्यात माझी फाइल तेच धरतात आणि कुठली गोळी कधी ते मला आठवत नाही, त्यांना आठवतं. हे तुला सतराव्या वर्षी कळावं असा हट्ट नाही. मला कुठे कळलं होतं?

लिवायचं पुढचं नेटवर वाचलं. त्याची आई लहानपणीच गेली. कर्णाला आईनं नदीत सोडलं. तुम्हां पोरींचे हे लाडके बघितले की त्यांच्या गोष्टीत आई एकतर मेलेली असते नाहीतर गुन्हेगार. मला जरा लागलंच ते.

तरी एक सांगते, तुझ्या वहीत तू लिवायचे हात काढलेत ना, पट्ट्यांसकट, ते पाहून मी थक्क झाले. वही मी उघडी पडलेली बघितली, वाचली नाही. दोन पानं वाचली. बोटं इतकी सुंदर काढायला तुला कोणी शिकवलं? आमच्या घरात तर कोणाला साधी रांगोळी धड येत नाही. आत्यांना फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, ‘जावयाचे का?’ मी म्हटलं, हो.

डबा उद्या कुरिअरनं निघेल. पातळ पोह्यांचा चिवडा, शेंगदाण्याची चटणी, आणि खाली पुठ्ठ्यात चित्र. कोपरा मागून चिकटवलाय, पुढून दिसत नाही. भिंतीवर लाव किंवा लावू नकोस.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
आई

ता. क. खरंच, कोणी जर्नल लिहायला देत नाही ना?