मागचे पाटे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा गाडीच्या मागच्या कमानींचा (लीफ स्प्रिंगचा, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पाट्यांचा) विषय निघाला, तुम्ही "एक जादा पाटा टाक आणि मोकळी हो" म्हणालात आणि मी विषय बदलला. फोनवर वाद नको होता. आता सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला चष्मा लावून निवांत भांडता येईल. आई, मधलं सगळं लोखंड तू गाळलंस तरी चालेल, पण शेवट वाच. तिथे तुझं काम आहे.

गाडी मागून बसली आहे, म्हणजे खाली झुकली आहे, हे खरंच. स्टिअरिंगच्या बाजूने जास्त, कारण गेली कित्येक वर्षं तिच्यात तुम्ही एकटेच असता.

दोन्ही बाजूंचे पाटे उतरवले. पाट्यांना ॲक्सलशी (मागच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याशी) बांधणाऱ्या यू-बोल्टना आधीपासून गंज सोडवायचं तेल पाजून ठेवलं होतं, तरी पुढच्या डोळ्याचा, म्हणजे मुख्य (सगळ्यात वरच्या, लांब) पाट्याच्या टोकाच्या वळ्याचा, बोल्ट त्यातल्या रबरी बुशाच्या आतल्या नळीला असा धरून बसला होता की शेवटी कापावाच लागला. सगळे पाटे मधून एकत्र धरणारा सेंटर बोल्ट मात्र पाटे क्लॅम्पमध्ये आवळूनच काढला. तो तसाच सोडला तर पाटे उसळतात, आणि समोर हात असेल तर हात जातो. सुटे करण्याआधी प्रत्येक पाट्यावर क्रमांक आणि पुढची बाजू खुणेने लिहून घेतली, कारण आपल्या गाडीत सेंटर बोल्ट बरोबर मध्यावर नाही. पाटा उलटा बसला तर ॲक्सल जागेवरून सरकेल.

आता तुमच्या जादा पाट्याकडे येते. सगळे पाटे जमिनीवर ओळीने मांडले की एक गोष्ट डोळ्यांत भरते: प्रत्येक धाकटा (आखूड) पाटा त्याच्या वरच्यापेक्षा थोडा जास्त वाकलेला असतो. एकावर एक ठेवले तर मध्ये फट राहते आणि सेंटर बोल्ट आवळला की ती मिटते. ही फट मुद्दाम ठेवलेली असते. आवळताना मुख्य पाटा ओझ्याच्या उलट दिशेला थोडा वाकवला जातो, म्हणून गाडीचं वजन आलं की त्याच्या वाट्याला ताण कमी येतो. त्याला ही सवलत हवीच. वजन सगळे मिळून पेलतात, पण ब्रेकचा धक्का, वळणावरची ओढ आणि ॲक्सलला जागेवर धरून ठेवणं हे सगळं मुख्य पाट्याच्या डोळ्यांतूनच जातं. आपल्या गाडीत हे काम करायला दुसरा दांडा नाही. अशा जुळवलेल्या संचात कसाही वाकलेला भलताच पाटा घुसवला तर गाडी उचलली जाईल, हे मान्य. पण ताणाची वाटणी बिघडेल, थकलेले पाटे थकलेलेच राहतील, आणि मागची सीट इतकी कडक होईल की आईची कंबर दर खड्ड्याला तुमचं नाव घेईल.

शिवाय मुख्य पाटा थकलेलाच नव्हे, तडकलेलाही निघाला. तुमच्या बाजूचा. गंज ब्रशने काढून लाल रंगाची (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगाची) तपासणी केली तर सेंटर बोल्टच्या भोकापासून निघालेली केसाएवढी रेघ दिसली. वरच्या अंगाला, आणि तसंच अपेक्षित होतं: ओझ्याने पाटा सपाट होऊ लागतो तेव्हा वरचं अंग ताणलं जातं आणि खालचं दाबलं जातं. एका ठिकाणी "वेल्डिंग मारून देतो" म्हणाले. मी नमस्कार करून निघाले. या पोलादाचा सगळा गुण त्याला दिलेल्या उष्णतेत असतो. वेल्डिंगने सांधा ठिसूळ होतो आणि शेजारची पट्टी नरम पडते.

म्हणून दोन्ही बाजूंचे मुख्य पाटे नवे, बाकीचे जुनेच. खालच्या पाट्याच्या टोकाने वरच्यात खाच पाडली होती, तीही फार खोल नाही. टोकांच्या धारा घासून गोल केल्या. पाटे कमानीत आणायला दिले आहेत, तेही ठोकून नाही. नुसते ठोकून वाकवलेले पाटे लवकर परत बसतात. साधारण ८५०-९०० अंशांपर्यंत तापवून आकार द्यायचा, तेलात बुडवायचं, मग ४००-५०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवायचा. त्यानंतर वरच्या अंगावर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा. त्याने पृष्ठभाग दाबला जातो आणि तडा सुरू व्हायला उशीर लागतो. मला हा सगळ्यात आवडलेला भाग. घोडागाडीपासून चालत आलेल्या वस्तूला इतकं शास्त्र असेल असं वाटलं नव्हतं. इंग्लंडात ओबाडाया इलियटने अशा कमानींचं पेटंट १८०४ साली घेतलं होतं.

आणि बाबा, ते जळकं तेल मारणं आता बंद. त्यात धूळ बसते, धुळीचा लेप पाट्यांना घासत राहतो आणि रबरी बुश फुगून सैल होतात. मी पाट्यांमध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस पातळ लावणार आहे, बुशांपासून लांब. गंजाने पाटे एकमेकांत अडकायचे, त्यामुळे गाडीचं झुलणंही दबून जायचं. आता पाटे मोकळे सरकतील, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरना खरं काम करावं लागेल. तेही तपासते.

यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवेच घेतले आहेत. जुने ताणलेले असतात, त्यांच्यावर भरवसा नको. बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळायचे. हवेत लटकलेल्या ॲक्सलवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

इथे तुझं काम, आई. कपाटात बाबांच्या फायलींखाली गाडीचं मॅन्युअल असेल. मागच्या सस्पेन्शनच्या पानांचे फोटो काढून पाठव: बोल्ट किती आवळायचे, मागची उंची किती हवी, आणि ती रिकाम्या गाडीची की माणसं बसवून मोजलेली. माणसं बसवून असेल, तर तुम्ही दोघं येईपर्यंत मी पाना लावणार नाही. बाबा "अंदाजाने आवळ" म्हणतील. त्यांना विचारू नकोस, फोटोच पाठव.

काही शे किलोमीटर चालवून यू-बोल्ट एकदा पुन्हा आवळले की गाडी घरी आणते. सुरुवातीला मागून थोडी उंच दिसेल, पाटे बसेपर्यंत. तोवर डिकीत पोती भरून ती खाली आणायचा प्रयत्न करू नका, बाबा.

तुमची,
धाकटी