पाठीवरची थाप आणि पायांची तपासणी

महोदय,

तरुण लष्करी अधिकाऱ्याच्या दिनक्रमावरील लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेखातल्या लेफ्टनंटची जवानांविषयीची माया पाठीवर थाप देण्यात दिसते. प्रत्यक्षात ती दिसते रोजच्या, काहीशा कंटाळवाण्या तपासणीत.

लांब मार्च संपला की बूट-मोजे काढायला लावून टाचा, नखे आणि बोटांमधली जागा पाहायची. ओल्या मोज्याने त्वचा मऊ पडते आणि घासून फोड येतो. तो फोडायचा नाही. झाकून कोरडे मोजे घालायला लावायचे. विचारून भागत नाही, कारण जवान ‘ठीक है साब’ एवढेच म्हणतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पाण्याची बाटली हातात घेऊनच पाहावी. भरलेली परत आली, तर तो पाणी प्यायलेलाच नाही. थंड प्रदेशातून नुकत्याच आलेल्याला या उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी पूर्ण वजन देऊन पळवले तर तोच आधी कोसळतो. तो असंबद्ध बोलू लागला, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत डॉक्टर गाठायचा. लंगरमधले, म्हणजे जवानांच्या भोजनगृहातले, जेवण आणि रजेची यादी यांनाही हेच लागू: नुसते विचारायचे नाही, स्वतः पाहायचे.

लेखात नायब सुभेदाराचा, म्हणजे जवान आणि लेफ्टनंट यांच्यामधल्या अनुभवी कनिष्ठ अधिकाऱ्याचा, उल्लेखही नाही. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण गप्प झाला आहे, हे नव्या लेफ्टनंटला बहुधा त्याच्याकडूनच कळते. कामठीची छावणी शेजारी असलेल्या शहरातल्या वाचकांना तरी हे सांगायला हवे होते.

– एक माजी सैनिक, नागपूर