नाडी 72 आहे म्हणून

सांगली

चि. अभय,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आई, नाडी 72 आहे, डोकं दुखत नाही. मग बीपी 150/100 आलं म्हणून लगेच गोळी कशाला?" तेव्हा मी गप्प बसले, पण रात्रभर झोप लागली नाही.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी आठव. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. मानेतली धमनी जिथं दोन फांद्यांत विभागते तिथं आणि महाधमनीच्या कमानीत शरीराचीही अशीच मोजपट्टी असते. रक्ताचा दाब वाढला की धमनीची भिंत ताणते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाला वर्दी जाते. तिथून व्हेगस नावाची चेता, म्हणजे नस, हृदयाला आवर घालते, हृदयाला पळवणाऱ्या अनुकंपी चेतांचा जोर कमी होतो, ठोके मंदावतात. हे सगळं दोन-चार ठोक्यांत. चेतांनी हात काढून घेतला तर हृदय मिनिटाला शंभरच्या आसपास धडधडेल. तुझे 72 आहेत ते व्हेगसनं लगाम धरलाय म्हणून.

पण दाब बरेच दिवस चढाच राहिला की ती मोजपट्टीच वर सरकते. 45 ची खूण पुसून कुणी 55 वर रंगवावी तसं. पाणी चढलेलंच असतं, इशारा मात्र मिळत नाही. मेंदू चढा दाब नेहमीचा मानून तोच सांभाळत बसतो, आणि दाब त्याखाली आला तर उलट ठोके वाढवतो. धमन्या ताठरल्या की मोजपट्टी बोथटही होते. म्हणून तुला काही जाणवत नाही, अभय. नुकसान मात्र आत चालूच असतं, मूत्रपिंडात, डोळ्यांत, हृदयात.

आणि सुरू केलेली गोळी मनानं सोडू नकोस. माझी बीटा-ब्लॉकरची गोळी होती. बरं वाटतंय म्हणून मी ती एकदम बंद केली, आणि तिसऱ्या रात्री छातीत अशी धडधड सुटली की तुझ्या बाबांनी शेजाऱ्यांना उठवलं. गोळीनं अडवलेला अनुकंपी चेतांचा जोर हृदयावर एकदम मोकळा सुटतो. अशी गोळी डॉक्टरच हळूहळू कमी करतात, हे मला तेव्हा कळलं. तुला कुठली दिलीय त्याचा फोटो पाठव.

बीपीचं मशीन कुरिअरनं पाठवतेय. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पट्टा बांधलेला हात छातीच्या उंचीवर, बोलायचं नाही. सकाळ-संध्याकाळ दोनदोनदा मोज. पावसाळ्यात पुण्याहून रोज विचारतोस ना, "आई, पाणी किती फुटांवर?" तसे आता तुझे आकडे मला रोज कळव.

तुझी,
आई