वाफ नसली म्हणून इंजिन खोटं होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या पेपरात हौशी मॉडेलवाल्यांवर एक लेख आला होता, आणि त्यावर एका वाचकांनी लिहिलं की बॅटरीवर चालणारं स्टीम इंजिन म्हणजे निव्वळ फसवणूक, वाफ नाही तर ते खेळणंच. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण नेमकं तसलंच एक धूड, बॅटरीवर चालणारं ट्रॅक्शन इंजिनाचं मॉडेल, सध्या माझ्या घरामागच्या शेडमध्ये लेथशेजारी उभं आहे.

आधी ट्रॅक्शन इंजिन म्हणजे काय ते सांगतो, रस्त्यावर स्वतः चालणारं, ओझं ओढणारं आणि शेतातली यंत्रं फिरवणारं वाफेचं इंजिन. आपल्याकडे जुन्या लोकांनी बघितलाय तो त्याचा भाऊ, म्हणजे वाफेचा रोड रोलर. इंग्लंडमध्ये मळणीयंत्र चालवायला चाकांवरची वाफेची इंजिनं होतीच, पण एका शेतातून दुसऱ्या शेतात न्यायची तर त्यांना घोडे जुंपावे लागायचे! केंटमधल्या रॉचेस्टरच्या थॉमस अ‍ॅव्हलिंगला हे काही पटेना, १८५९ साली त्याने इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरून, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्यावरून, मागच्या चाकाला एक लांब साखळी दिली आणि इंजिन आपलं आपण चालायला लागलं. पुढे त्याच्याच कंपनीचे रोलर आपल्याकडेही आले, तोंडावर दोन पायांवर उभा राहिलेला घोडा असायचा ते.

तर माझं मॉडेल मूळ इंजिनाच्या एक अष्टमांश मापाचं. खऱ्याचं मागचं चाक साडेसहा फुटी धरलं तर माझं २४८ मिमी येतं. वाफेवर करायचं तर तांब्याचा बॉयलर, चांदीचं ब्रेझिंग (चांदीच्या मिश्रधातूने सांधे जोडणं), कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाने पाण्याची टेस्ट, आणि हे सगळं करून शेजारीपाजारी धास्तावलेले. एवढा लहान बॉयलर, २५ लिटरच्या आतला, आपल्या बॉयलर कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, पण कायद्यातून सुटला म्हणून वाफेच्या तडाख्यातून कोणी सुटत नाही. जन्म टर्निंगमध्ये गेला तरी ब्रेझिंगवर माझा तेवढा हात नाही, आणि घरात नातवंडं आहेत. म्हणून मोटर.

आता मोटर लावायची म्हणजे चाकाला चिकटवली की झालं असं लोकांना वाटतं. तसं केलं तर ते खरंच खेळणं. मी बाजारात मिळते ती १२ व्होल्टची, मिनिटाला ३०० फेऱ्यांची गियर मोटर घेतली आणि फायरबॉक्सच्या (कोळसा जळायच्या पेटीच्या) पोकळीत लपवून थेट क्रँकशाफ्ट फिरवला. तिथून पुढे सगळं खऱ्यासारखं, १५ दातांचं पिनियन (लहान गियर) आणि ६० दातांचं मोठं गियर असे दोन टप्पे, म्हणजे एकूण सोळाला एक, चाकाला मिनिटाला साधारण १९ फेरे. फ्लायव्हील फिरतं, कनेक्टिंग रॉड हलतो, पिस्टन आतबाहेर होतो, फरक एवढाच की खऱ्यात पिस्टन क्रँकला ढकलतो आणि माझ्यात क्रँक पिस्टनला. गंमत म्हणजे मापाप्रमाणे आठपट हिशोब केला तर हा वेग खऱ्या इंजिनाच्या ताशी सात किलोमीटरला, म्हणजे सव्वाचार मैलांच्या जरा वर जातो. १८६५ च्या विलायती कायद्यात गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल अशी मर्यादा होती आणि पुढे ६० यार्डांवर लाल झेंडा घेऊन माणूस चालायचा, माझ्या इंजिनापुढे त्या बिचाऱ्याला पावलं उचलावी लागली असती.

बॅटरी यूपीएसमधली, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर. बॉयलर म्हणून चार इंची एमएस, म्हणजे साधा लोखंडी, पाइप घेतलाय, तिथे ती बसेल असं कोणालाही वाटेल, पण बॅटरीची आडवी मापं ६५ बाय ९४, कर्ण काढला की ११४ मिमी, आणि पाइपची आतली जागा जेमतेम १०५. म्हणून मागे कोळशाच्या टाकीत ठेवली, ते उलट बरंच झालं कारण दोन-अडीच किलो वजन मागच्या चाकांवर येतं आणि पकड वाढते. पाइप मात्र लोखंडीच हवा हं, पीव्हीसी चालत नाही, कारण ट्रॅक्शन इंजिनाला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसते, बॉयलर हीच चासी, सिलिंडर, बेअरिंग, पुढचा आस सगळं त्यालाच लटकलेलं.

सगळ्यात जास्त जीव खाल्ला तो मागच्या चाकांच्या पट्ट्यांनी. चिखलात चाक जागच्या जागी घसरून फिरू नये म्हणून धावेवर तिरक्या लोखंडी पट्ट्या रिव्हेटने ठोकलेल्या असतात. पट्टी तिरकी आणि धाव गोल, त्यामुळे नुसती वाकवून भागत नाही, किंचित पीळ द्यावा लागतो, नाहीतर एक कोपरा वर राहतो आणि चालताना खडखड करतो. हे काम वाफेच्या इंजिनाला वेगळं आणि बॅटरीच्याला वेगळं असतं का?

आणि वीज ही या इंजिनांना परकी कधीच नव्हती. थेटफर्डच्या बरेल कंपनीची जत्रेवाल्यांसाठीची इंजिनं बघा, धुराड्यापुढे डायनामो, फ्लायव्हीलवरून त्याला पट्टा, आणि त्यावर जत्रेतले पाळणे आणि दिवे चालायचे. आर. ई. बी. क्रॉम्प्टन नावाचा लष्करी अधिकारी १८७० च्या सुमारास हिंदुस्थानात रस्त्यावर वाफेची इंजिनं चालवून सरकारी वाहतूक करायच्या खटपटीत होता, त्यातलं एक इंजिन १८७१ मध्ये त्याने इंग्लंडमधल्या इप्सविचपासून स्कॉटलंडमधल्या एडिंबरापर्यंत रस्त्याने नेऊन परत आणलं. हाच गडी पुढे डायनामो आणि विजेच्या दिव्यांच्या धंद्यात शिरला, आणि आज आपल्या डोक्यावर क्रॉम्प्टनचा पंखा फिरतो ते नाव त्याचंच! लंडनमध्ये १८९८ ला मॉडेलवाल्यांचं जे मासिक निघालं त्याच्या नावातसुद्धा 'मॉडेल इंजिनिअर'च्या जोडीला 'अमॅच्युअर इलेक्ट्रिशियन' होतं. मग आम्हीच काय पाप केलंय?

हां, गरम तेलाचा वास नाही, शिट्टी नाही, धुराड्याची ती फुसफुस नाही, हे कबूल. स्पीकर लावून खोटा आवाज काढणं मला स्वतःला आवडत नाही.

माझं म्हणणं एवढंच की शाळा-कॉलेजच्या प्रदर्शनांत असल्या मॉडेलला 'वर्किंग नाही' म्हणून बाजूला सारू नका. आमच्याकडे एका ठिकाणी नेमकं तेच झालं, आणि शेजारच्या टेबलावर थर्माकोलच्या धरणाला बक्षीस. आयटीआयच्या पोरांना हे काम दिलं तर टर्निंग, गियर, रिव्हेट, वायरिंग सगळं एकाच जॉबमध्ये शिकून होतं आणि कोणाचा हात भाजत नाही.

ता. क. स्टिअरिंगची साखळी अजून अडलीय. बाजारात एकतर कुत्र्याची जाड मिळते नाहीतर सराफाकडची नाजूक. पाच-सहा मिमी कडीची मजबूत लोखंडी साखळी कुठे मिळते हे कोणाला माहीत असेल तर याच सदरात कळवा.

– एक रिटायर्ड टर्नर, कोल्हापूर