सतरा नंबरचा फॉर्म, आयटीआय आणि चुकणारा क्रम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीची पाने पेढे भरवणाऱ्या आई-वडिलांनी भरून जातात. त्याच निकालात अडकलेल्या मुलांसाठी आणि त्याआधीच आठवी-नववीत दप्तर टाकलेल्यांसाठी 'खचू नका' असा चार ओळींचा उपदेश कोपऱ्यात छापून येतो. मध्यंतरी गुणपत्रिकेवरचा 'अनुत्तीर्ण' हा शब्द जाऊन 'कौशल्य विकासास पात्र' असा शेरा आला. शब्द बरा आहे, पण पात्र ठरलेल्या मुलाने कोणता कागद घेऊन कोणत्या खिडकीवर जायचे, हे त्या गुणपत्रिकेत पुढून-मागून कुठेच नसते.

वाटा आहेत, आणि बहुतेक फुकट किंवा नाममात्र खर्चाच्या आहेत. घोटाळा होतो तो क्रमाचा. पुढचा फॉर्म आधी भरला जातो, आधीचा राहून जातो आणि मुलगा दोन वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

पहिली गल्लत दहावीला बसून नापास झालेला आणि दहावीपर्यंत पोचलाच नाही तो, या दोघांना एकाच वाटेने पाठवण्याची. बसून नापास झालेल्याने सतरा नंबरच्या, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्याच्या, फॉर्ममागे लागू नये. त्याची पुरवणी परीक्षा निकालानंतर लगेच, जून-जुलैमध्ये होते आणि तिचा फॉर्म त्याच्या शाळेतूनच भरला जातो. त्यासाठी हाताशी मोजके दिवस असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत मुलगा तोंड लपवून मामाच्या गावी गेलेला असतो. एक-दोन विषयांतच अडकला असेल तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळू शकतो, हेही घरी कुणी सांगत नाही.

शाळा मधेच सुटलेल्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे राज्य मंडळाची खासगी विद्यार्थी म्हणून नोंदणी. दहावीसाठी किमान पाचवी उत्तीर्ण आणि वयाची १४ वर्षे पूर्ण, एवढी पात्रता पुरते. बारावीसाठी दहावीनंतर दोन वर्षे गेलेली असावी लागतात. फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि निवडलेल्या संपर्क केंद्रावर, म्हणजे नेमून दिलेल्या शाळेत, मूळ कागद नेऊन द्यायचे. इथे अडते ते शाळा सोडल्याच्या दाखल्यापाशी. मूळ दाखला नसेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांतल्या मुलांचा दाखला तीन शाळांपैकी कुठल्या कपाटात पडला आहे, हे शोधण्यातच मुदत सरते. दाखल्यावरचे नाव, जन्मतारीख आणि आधारवरचा मजकूर जुळत नसेल तर ती दुरुस्ती फॉर्म भरण्याआधी करून घ्यावी. गुणपत्रिका छापून आल्यावर तीच दुरुस्ती दसपट त्रासाची होते.

सतरा नंबरवाल्यांचे गुण जातात ते लेखी परीक्षेच्या आधीच. भाषांची तोंडी परीक्षा, गणित-विज्ञानाचे अंतर्गत मूल्यमापन, प्रात्यक्षिक वह्या यांसाठी विषयाला शंभरातले २० गुण असतात आणि ते संपर्क केंद्राच्या शाळेतून मिळतात. फॉर्म दिला की थेट मार्चमध्ये उगवणारा मुलगा हे गुण हातचे घालवतो. पास व्हायला ३५ लागतात. त्यांतले पंधरा-सोळा तिथे गोळा होऊ शकतात. म्हणून फॉर्म दिल्याच्या दिवशीच त्या शाळेतल्या संबंधित शिक्षकाचे नाव आणि तोंडी परीक्षेचा अंदाजे महिना लिहून घ्यावा. शाळेलाही बाहेरचे मूल म्हणजे जादा काम वाटते, हे कबूल. पण ते काम त्यांचेच आहे.

रोजंदारीमुळे एका दमात सगळे विषय जमणार नसतील, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, अधिक सोयीची पडते. तिथेही वय १४ पूर्ण हवे. पाच विषय निवडायचे, त्यांत किमान एक भाषा. नोंदणी पाच वर्षे चालते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन सत्रांत. एका वेळी दोनच विषय दिले तरी चालते. मान्यताप्राप्त मंडळात नापास झालेला असेल, तर उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण तिकडे नेता येतात. राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी अशा चार पातळ्यांवर परीक्षा घेते.

मात्र मुक्त मंडळात विषय निवडताना पाय घसरतो. 'गणित-विज्ञान सोड, सोपे विषय घे' असा सल्ला क्लासवाले हमखास देतात. प्रमाणपत्र तर मिळते, पण इलेक्ट्रिशियन आणि फिटर या आयटीआयच्या, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या, ट्रेडना (अभ्यासक्रमांना) दहावी गणित आणि विज्ञानासह लागते. पुढे तांत्रिक बाजूलाच जायचे असेल तर हे दोन विषय कितीही जड वाटले तरी ठेवावेत. दुकान, हिशेब किंवा शिवणकामाकडे जायचे असेल तर गोष्ट वेगळी.

आयटीआयबद्दल गैरसमज असा, की दहावी पास नसल्यास दारच बंद. तसे नाही. वायरमन, वेल्डर, प्लंबर, सुतारकाम, शीट मेटल, शिवण तंत्रज्ञान अशा काही ट्रेडना दहावी अनुत्तीर्ण विद्यार्थीही अर्ज करू शकतो. वेल्डर आणि प्लंबर एका वर्षाचे, वायरमन दोन वर्षांचा. हा एका वर्षाचा फरक पुढे फार महाग पडतो, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. आठवीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला एनआयओएसकडून भाषेसह मोजकेच विषय देऊन दहावीची समकक्षता घेता येते. केंद्रीय कौशल्य मंत्रालयाने ही सोय २०१६ मध्ये करून दिली. राज्य मंडळातही आयटीआयचे विषय जमा धरून परीक्षेला बसता येते. म्हणजे दोन वर्षांच्या शेवटी हातात ट्रेडही आणि दहावीही. एका वर्षाच्या ट्रेडला हा लाभ गृहीत धरू नये. घरात वर्षभरात पगार यायलाच हवा असेल तर वेल्डर मुळीच वाईट नाही, त्याला कामाचा तोटा नसतो. फक्त दहावी वेगळी काढावी लागेल हे आधीच धरून चालावे.

आयटीआयत प्रवेश घेऊनही मुले गळतात ती हजेरीवर. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. सुगीत पंधरा दिवस, लग्नसराईत आठ दिवस असे करता करता ती घसरते. पुन्हा प्रात्यक्षिकात पास व्हायला ६० टक्के लागतात. शाळेतल्या ३५ची सवय इथे कामाची नाही. सरकारी आयटीआयतल्या पात्र विद्यार्थ्यांचे विद्यावेतन वर्षानुवर्षे महिना ४० रुपये होते. २०२३ मध्ये ते ५०० करण्याचा निर्णय झाला. पाचशेत एसटीचा पास आणि डबा निघत नाही, हे वेगळे सांगायला नको.

डिप्लोमाची वाटही इथूनच आहे. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला दहावी ३५ टक्क्यांनी उत्तीर्ण पुरते. दहावी पास होऊन दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून किमान निम्मे शिक्षण शुल्क मिळते, पण प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. एजंटाच्या नादाने व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की ही शिष्यवृत्ती हातची जाते.

गॅरेजमध्ये किंवा वर्कशॉपमध्ये 'शिकायला' ठेवलेल्या मुलांबद्दलही दोन शब्द. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१चा आहे. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २०१९च्या नियमांत पाचवी ते नववी शिकलेल्यालाही महिना किमान ५,००० रुपये आणि दहावी उत्तीर्णाला ६,००० रुपये विद्यावेतन ठरवून दिले आहे. त्यासाठी करार शासनाच्या पोर्टलवर नोंदलेला हवा. करार नाही तर तो हेल्पर, मग मालक त्याला काहीही म्हणो. पालकांनी करार क्रमांक मागावा. मागितल्यावर मालक गडबडला तर काय ते समजून घ्यावे.

अल्पमुदतीच्या मोफत कोर्सची जाहिरात सर्वांत जोरात असते. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना, जन शिक्षण संस्थान किंवा बँकांनी जिल्ह्याजिल्ह्यात चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, यांपैकी शेवटच्या ठिकाणी तर राहणे-जेवणही फुकट. शेळीपालन, मोबाइल दुरुस्ती, ब्युटी पार्लर यांसाठी त्या उत्तम. पण ते प्रमाणपत्र म्हणजे दहावी नव्हे. सोळा वर्षांच्या मुलाला आधी तिथे पाठवणे म्हणजे क्रम उलटा करणे.

फीसाठी अडणाऱ्यांना एक तरतूद ठाऊकच नसते. समग्र शिक्षा योजनेत १६ ते १९ वयोगटातील अनुसूचित जाती, जमातीच्या आणि दिव्यांग शालाबाह्य मुलांना मुक्त विद्यालयातून शिक्षण पुरे करण्यासाठी वर्षाला २,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. पंचायत समितीच्या गटशिक्षण कार्यालयात नाव घेऊन विचारावे. विचारल्याशिवाय तिथे कुणी सांगत नाही.

'एका महिन्यात घरबसल्या दहावी पास' असे फलक एसटी स्टँडबाहेर अजून लटकतात. त्यांतल्या मंडळाचे नाव खऱ्या मंडळाच्या नावाशी एका शब्दाने जुळते आणि पंधरा-वीस हजार घेऊन दिलेली गुणपत्रिका नोकरीच्या पडताळणीत बाद होते. परीक्षा न देता दहावी देणारे एकही मान्यताप्राप्त मंडळ देशात नाही.

आपल्याकडे मागणे एवढेच. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर एक चौकट द्या: पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरण्याची शेवटची तारीख, आयटीआयच्या पहिल्या फेरीची मुदत, सतरा नंबरची मुदत आणि जिल्ह्यातील संपर्क केंद्रांची यादी. पेढ्यांचे दोन फोटो कमी केले तरी तेवढी जागा निघते.

आपला,
शालाबाह्य मुलांच्या शिक्षणाचे काम पाहणारा एक वाचक