कोतो, आधी घरचे कसे आहेत ते सांगा

हडपसर, पुणे

प्रिय कोतो (तुमच्या मंडिंका भाषेत थोरला भाऊ),

सुमोलू ले? कोरी तनान्ते?

घरचे कुठे आहेत, काही वाईट नाही ना? तुमच्याकडे गॅम्बियात बोलणं इथूनच सुरू होतं. मग वहिनी, मुलं, म्हातारी आई, शेळ्या, पाऊस, शेंगांचं पीक. सगळ्यांची विचारपूस झाल्याशिवाय कामाचा शब्द काढायचा नाही. पहिल्या महिन्यात मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी राहायचे. ‘एका अंगणात अकरा मिनिटं नुसती रामरामात गेली’ असं मी वहीत चक्क लिहून ठेवलंय. रागाने लिहिलं होतं. आज मात्र तुमचं ‘तनान्ते’ येईपर्यंत मी थांबले आहे असं समजा.

हे पत्र मराठीत आहे आणि तुम्हाला ते वाचता येणार नाही, हे ठाऊक आहे मला. तुम्हीच एकदा म्हणाला होतात, लोकांशी मी मंडिंकात बोलतो, फुलात बोलतो, सेराहुलेत बोलतो आणि ऑफिसात जाऊन सगळं इंग्रजीत लिहितो. वाटेत किती सांडतं ते कुणी मोजत नाही. या वेळी माझ्या बाजूने तरी सांडू नये. मतितार्थ व्हॉट्सॲपवर बोलून पाठवीनच. पण तुमचे आभार माझ्या लोकांसमोर मानायचे आहेत, म्हणून हे उघडं पत्र.

माझ्या लोकांना आधी तुमचा देश सांगायला हवा. सेनेगलच्या पोटात शिरलेली एक नदी आणि तिच्या दोन काठांची चिंचोळी पट्टी, एवढा गॅम्बिया. क्षेत्रफळाने आमच्या पुणे जिल्ह्यापेक्षा लहान, माणसं २५ लाखांच्या आसपास. पण लहान मुलांचे आजार आणि लशी यांचं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडा, दर काही पानांनी गॅम्बिया भेटतोच. ब्रिटिशांच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४७ साली समुद्राकाठी फजाऱ्यात केंद्र काढलं. इयन मॅकग्रेगर नावाचे डॉक्टर १९५० च्या सुमारास केनेबा गावात जायला लागले आणि तिथली जन्ममृत्यूची नोंद आजतागायत चालू आहे. औषधात बुडवलेल्या मच्छरदाणीने मुलं किती वाचतात हे याच देशात मोजलं गेलं. एक ते चार वर्षांच्या मुलांचे मृत्यू ६० टक्क्यांहून जास्त घटले, असा निबंध १९९१ साली ‘लान्सेट’मध्ये आला. मी तो एमपीएचच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासाच्या, पहिल्या सत्रात वाचला होता. तुम्ही मात्र विशीत असताना त्या कामात घमेल्यात मच्छरदाण्या बुडवून, पिळून, कुडाच्या भिंतीवर वाळत घालत होतात. ‘हाताची सालं निघायची,’ एवढंच तुम्ही त्याबद्दल कधी बोललात. निबंधात सालांचा उल्लेख नाही.

मी आले ती पाच महिन्यांसाठी. देशाच्या पूर्व टोकाकडच्या बासे शहराच्या बाजूच्या गावांमधली एक छोटीशी पाहणी, माझ्या प्रबंधापुरती. पाच वर्षांखालच्या मुलांचा ताप-खोकला, आईला पंचवीस प्रश्न आणि मुलाचं दोन मिली रक्त. दुभाषे तुम्ही; तुमच्या मोटारसायकलवर मागे बसायचं, गावात पोचलं की आधी अल्कालोंकडे जाऊन कोलाच्या बिया पुढे ठेवायच्या. गावचा मुखिया तो, आणि आपल्याकडे विडा ठेवावा तसा हा कोलाचा मान. मी एकदा चावून बघितलं, कडू जहर. दुपारी कुणीतरी दोमोदा वाढायचं. शेंगदाण्याचं दाट कालवण भातावर घेतलं आणि मला थेट एकादशीची शेंगदाण्याची आमटी आठवली. त्यात मासे होते, तो भाग वेगळा. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग उपास मोडल्यासारखी गप्प बसली.

आता त्या दिवसाचं लिहिते, कारण आभार खरे त्या दिवसाचे आहेत.

ऑक्टोबर होता, उकाडा मरणाचा. माझे सात फॉर्म उरले होते आणि आठवडा संपत आला होता. ओसरीत एक बाई फतकल मारून बसली होती, मांडीवर दीड वर्षाचा मुलगा. मी भराभर वाचत होते, तुम्ही मंडिंकात सांगत होतात. शेवटी संमतीच्या अंगठ्यासाठी मी शाईचं पॅड उघडलं. तिने अंगठा टेकवलासुद्धा, निळी शाई लागली, आणि अंगठा कागदावर उतरणार तेवढ्यात तुम्ही कागदावर तळवा ठेवलात. म्हणालात, ‘तिने काय ऐकलं ते तिच्याच तोंडून ऐकू.’

ती म्हणाली, मुलाला औषध मिळणार आहे आणि त्याच्यासाठी आधी रक्त काढावं लागतं.

असं काहीच नव्हतं. माझ्या पाहणीत औषध नव्हतं. पण मी सांगितलेलं तिच्या कानापर्यंत तेवढंच पोचलं होतं आणि मला ते चाललं असतं, हे आज कबूल करते. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीत. चुलीपाशी पडलेला चमचा मागितलात, नमाजाआधीच्या वजूच्या पट्ट्यापट्ट्यांच्या प्लास्टिक किटलीतून त्यात पाणी ओतलंत, अर्ध्याहून जास्त परत सांडून टाकलंत आणि उरलेलं तिला दाखवलंत. एवढं रक्त. तिने चमचा हातात घेऊन तिरका करून बघितला. मग विचारलं, हे जाणार कुठे? समुद्राकडे, प्रयोगशाळेत. तिथे काय होतं? थोडं तपासतात, उरलेलं बर्फात ठेवतात. किती दिवस? तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी म्हटलं, बरीच वर्षं.

तिने अंगठा लुगड्यासारख्या त्या नेसूला पुसला आणि नको म्हणाली.

तुम्ही फॉर्मवर तिरकी रेघ ओढलीत, ‘अबारका’, म्हणजे आभार, म्हणालात आणि शेळी कधी व्यायली ते विचारायला लागलात. मी धुमसत होते. गाडीवर बसताना मी काहीतरी टोचून बोललेसुद्धा. तुम्ही किक मारायच्या आधी वळून म्हणालात, ‘तिला आज नकार देता आला. म्हणजे आता या अंगणात आपल्याला परत येता येईल.’

मला हे पटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी पहाटे तीच बाई तुमच्या दारात आली, मूल छातीशी धरून. बरगड्या आत ओढल्या जात होत्या. तुम्ही कंदिलाच्या उजेडात घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजलेत. त्या वयाला चाळिसाच्या वर गेले की काळजी; तुमचा आकडा साठाच्या पुढे गेला होता. गाडी बोलावून तुम्ही दोघांना दवाखान्यात धाडलंत. मूल बरं झालं. त्या अख्ख्या पहाटेत किंवा नंतरही तुम्ही फॉर्मचं नाव काढलं नाहीत. माझ्या प्रबंधाच्या तक्त्यात एक नोंद कमी आहे. ती कमी का आहे ते लिहायला तक्त्यात जागा नव्हती.

‘ते लोक रक्त नेऊन विकतात’ ही कुजबुज तुमच्याकडे जुनी आहे. मानववंशशास्त्रवाल्यांनी तिच्यावर निबंधही लिहिलेत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, मी लहान असल्यापासून गाडी येते, रक्त घेते, जाते. त्यातून काय निघालं ते सांगायला परत कोण आलं? म्हणून परतीच्या आधी तुम्ही मला बंताब्यावर, गावाच्या त्या पारावर उभं केलंत. पाहणीत काय दिसलं ते सांग म्हणालात. मी सांगितलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, बरं, मग आता तुम्ही करणार काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही मंडिंकात काहीतरी बोललात आणि अख्खा पार हसला. काय बोललात ते अजून सांगितलेलं नाहीत. मी विसरलेले नाही.

आणि लशीची परीक्षा म्हणजे काय, हे तुम्ही ज्या तऱ्हेने समजवायचात! निम्म्या मुलांना एक आणि निम्म्यांना दुसरी, आणि कुणाला कुठली ते आपल्यालाही ठाऊक नाही, हे समजवायला माझ्या प्राध्यापकांना तीन तास लागायचे. तुम्ही मूठभर शेंगदाणे जमिनीवर टाकायचात. नवं बी आलंय, चांगलं आहे म्हणतात. सगळं रान त्यालाच देशील? की दोन वाफे करशील? आणि चांगली माती नव्या बियाला दिलीस तर तूच स्वतःला फसवशील ना? माझे आजोबा मंगळवेढ्याच्या रानात मालदांडीच्या बियाण्याबद्दल हेच बोलायचे, याच चालीत.

तुम्ही स्वतः २००० सालापासून बासेकडे न्यूमोकॉकल लशीची, म्हणजे न्यूमोनिया आणणाऱ्या एका जंतूवरच्या लशीची, जी मोठी चाचणी झाली तिच्यात वाफे सांभाळलेत. १७,४३७ मुलं. लस मिळालेल्यांत मृत्यू १६ टक्क्यांनी कमी. तेव्हाची ती लस दुसऱ्या कुणाची होती. पुढे त्याच जंतूवरची स्वस्त लस आमच्या हडपसरमध्ये सीरम इन्स्टिट्यूटने बनवली, न्यूमोसिल, आणि तिची तिसऱ्या टप्प्यातली परीक्षा पुन्हा गॅम्बियातच झाली, २,२५० तान्ह्या बाळांवर. २०१९ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली, २०२० च्या डिसेंबरात ती भारतात आली. माझी मुलगी २०२१ ची. सहा आठवड्यांची असताना डॉक्टरांनी डबी उघडली, मी ती मागून घेतली. डबीवर आमच्याच गल्लीपलीकडचा पत्ता. मुलगी रडली, मीही रडले. डॉक्टरांना वाटलं पहिलटकरीण आहे. मला त्या २,२५० आया दिसत होत्या, एकेकीच्या अंगठ्याला निळी शाई.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

५ ऑक्टोबर २०२२. जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आला. भारतात, हरियाणात बनलेली चार सिरपं, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल आणि इथिलीन ग्लायकॉल ही विषारी रसायनं. तुमच्याकडे मुलांची मूत्रपिंडं निकामी होत होती, ६६ मुलं गेल्याची बातमी होती. पुढे आमच्या सरकारने नमुने तपासून ते नीट असल्याचं जाहीर केलं. संघटना आपल्या निष्कर्षावर ठाम राहिली. त्या वादात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं की आमच्याकडची लस तुमच्या बाळांवर डोळ्यांत तेल घालून पारखली गेली, मग ती माझ्या मुलीच्या मांडीत टोचली. आणि आमच्याकडचं सिरप तुमच्या बंदरात उतरलं तेव्हा ते तपासायला तुमच्या देशात एक प्रयोगशाळा नव्हती. तुम्ही आमच्यासाठी मोजलंत. तुमच्यासाठी इथे कुणी मोजलं नाही.

दोन दिवस मला फोन करायचं धाडस झालं नाही. शेवटी एक रडका, लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. तुमचं उत्तर एक मिनिट चाळीस सेकंदांचं आहे, मी ते जपून ठेवलंय. त्यातला पहिला अर्धा मिनिट: सुमोलू ले? आई कशी आहे, नवरा कसा आहे, मुलगी चालायला लागली का. मग सांगितलंत की आम्ही घरोघर फिरून बाटल्या गोळा करतोय. बायका परातीत बाटल्या ठेवतात, झाकण घट्ट लावून. एकीने विचारलं, ते टोचायचं औषधही भारतातूनच येतं ना? ‘मी म्हटलं, येतं. पण तसली सुई आपल्या बासेत मी चार वर्षं स्वतः मोजलीय, तिचं मी सांगू शकतो. बाटलीचं मला माहीत नव्हतं.’

मला एका शब्दाने बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

१ जुलै २०२३ पासून तुमच्या सरकारने भारतातली औषधं जहाजावर चढण्याआधीच तपासायचा नियम केला. मी सध्या इथे ज्या कचेरीत बसते तिथे औषधांच्या तपासणीचे कागद माझ्या टेबलावरून जातात. गॅम्बियाचा एकही नसतो, पण मी सही करण्याआधी समोरच्या पोराला विचारते, यात काय लिहिलंय ते तुझ्या शब्दांत सांग. तो वैतागतो. घड्याळ बघतो.

तुमच्या ‘अबारका’त आमची बरकत आहे, एकाच अरबी घरातली. तर अबारका, कोतो. त्या कागदावर ठेवलेल्या तळव्याबद्दल, चमच्याबद्दल, आणि मागच्या सीटवरच्या माझ्या टोचऱ्या बोलण्याला उत्तर न देता गाडी चालू केलीत त्याबद्दल. वहिनींनाही सांगा.

उत्तर आवाजातच पाठवा. आई स्पीकरवर ऐकते. शब्द कळत नाही, पण ‘शेंगदाण्याच्या आमटीत मासे घालणारा दादा’ बोलतोय म्हटलं की हातातलं काम ठेवते. आणि या खेपेला पारावर काय बोलला होतात ते सांगून टाका.

तुमची धाकटी बहीण