शेवाळाचे नाव नको, प्रमाण छापा

महोदय,

समुद्री शेवाळातील अतिनील किरणरोधकांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख माहितीपूर्ण आहे. मात्र ‘वेष्टनावर शेवाळाचे नाव पाहून सनस्क्रीन निवडा’ हा त्यातील सल्ला मला पटला नाही.

प्रवाळांच्या काळजीपोटी हवाई या अमेरिकी राज्याने २०२१पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही किरणरोधक रसायने असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली. तेव्हा पर्याय शोधायलाच हवेत. लाल शेवाळातील शिनोरिन आणि पॉर्फायरा-३३४ ही द्रव्ये अतिनील किरणे शोषतात, हेही खरे. पण त्यांचे सर्वाधिक शोषण ३३४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे अतिनील किरणांच्या ‘ए’ पट्ट्यात होते. त्वचा भाजते ती मुख्यतः ३२०च्या खालच्या ‘बी’ किरणांनी, आणि एसपीएफचा, म्हणजे सनस्क्रीनच्या संरक्षणाचा, आकडा भाजण्यावरूनच ठरतो. तेव्हा नुसत्या शेवाळाच्या नावावरून तो कळत नाही.

परवा मुलीसाठी रावपुऱ्यातून एक ट्यूब आणली. पुढे निळी लाट आणि ठळक अक्षरांत शेवाळाचे नाव. मागचा बारीक मजकूर भिंगाने वाचला, तर शेवाळाचा अर्क सुगंधी द्रव्याच्याही खाली, अगदी शेवटी! एक टक्क्याहून अधिक असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. मग शेपटाला कितीसा अर्क असणार? संरक्षण देणारी होती ती वर छापलेली नेहमीचीच रसायने. मुलगी मे महिन्यात भर दुपारी स्कूटरवरून क्लासला जाते, तेव्हा मला लाटेचे चित्र नको, आकडा हवा. अर्काचे नाव पुढे मिरवणाऱ्या कंपन्यांना त्याचे प्रमाणही तिथेच छापणे सक्तीचे करावे.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे